डब्यातले रुपये आणि मोबाइलमधले अठरा लाख

पत्र थोडक्यात असं: सातारा जिल्ह्यातल्या एका ५९ वर्षांच्या ताईंचे वडील एसटीत वाहक होते. गेल्या वर्षी ते वारले. माहेरचं घर आवरताना पितळी डबा निघाला. त्यात चांदीचे २३ ‘राणीछाप’ रुपये (हे आजीकडून आलेले), भोकाचे पैसे, चवल्या-पावल्या, ‘नया पैसा’ लिहिलेली नाणी, शिवाजी महाराजांच्या नावाच्या चार शिवराया, राम-लक्ष्मण-सीतेचं चित्र आणि १८१८ साल असलेलं तांब्याचं एक नाणं, ट्रॅक्टरवाल्या पाचाच्या बऱ्याच नोटा, क्रमांकात ७८६ असलेली दहाची नोट, राजाचं चित्र असलेल्या दोन रुपयांच्या तीन नोटा आणि तळाशी बंद झालेल्या जुन्या पाचशेच्या १४ नोटा. सोबत वडिलांच्या हातची वही. ‘तिच्यात विशेष काही नाही, कुठलं नाणं कुठल्या गाडीत मिळालं एवढंच लिहिलंय.’

भाच्याने मोबाइलवर पाहिलं की ट्रॅक्टरच्या एका नोटेला १८ लाख मिळतात. त्याने फोटो पाठवले, ‘रिझर्व्ह बँकेचं’ पत्र आलं, नोंदणीचे २,१०० रुपये भरून झाले. आता जीएसटी म्हणून १२,६०० मागतायत. भाऊ म्हणतो, डबा तुझ्याकडे आहे, माझा निम्मा हिस्सा आत्ताच ठरव. गावच्या सराफाने रुपयाला चांदीचाच भाव सांगितला, तोही घट धरून. न्यू जर्सीतली मुलगी म्हणते, विकू नका, पुढच्या महिन्यात येतेय, दहा-बारा रुपये आठवण म्हणून घेऊन जाते. ताई विचारतात: या डब्याची खरी किंमत किती, आणि ती सांगणारा विश्वासाचा माणूस कुठे मिळेल?

उत्तर

ताई, बाकी सगळं नंतर. आधी ते १२,६०० रुपये. भरू नका.

जिथे विकणाऱ्यानेच आधी पैसे मोजायचे, असा बाजार कुठे असतो का? तुम्ही मंडईत मेथीच्या जुड्या घेऊन बसलात आणि गिऱ्हाईक म्हणालं, ‘आधी मला दोन हजार द्या, मग मी तुमची मेथी घेतो,’ तर तुम्ही त्याला उभं तरी कराल का? मोबाइलवर तेच चालू आहे, फक्त कागदावर बोधचिन्ह छापलेलं आहे. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर निवेदन काढून सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी तिचा संबंध नाही, त्यासाठी ती कसलंही शुल्क किंवा कमिशन घेत नाही आणि तिच्या वतीने ते गोळा करायचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. म्हणजे ते पत्र खोटं आहे, यात शंकेला जागाच नाही. भाच्याला १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवायला सांगा आणि बँकेलाही कळवायला सांगा. आधार कार्डाचा फोटो पाठवला असेल तर तेही तक्रारीत सांगू दे. त्याच्यावर चिडू नका. पोरगं हावरट नसतं, त्याला वाटत असतं की आपण आत्याचं भलं करतोय. आणि लाजेपोटी गप्प बसलं की दुसरा हप्ता गुपचूप भरला जातो.

आता किंमत. तुमच्या पत्रात एक वाक्य तीनदा आलंय, ‘इतकं जुनं आहे म्हणजे काहीतरी असणारच.’ इथेच मला तुम्हाला थोडं थांबवायचंय.

नाशिकजवळ जोगळटेंभी नावाचं गाव आहे. तिथे १९०६ मध्ये मातीतून चांदीची १३ हजारांहून अधिक नाणी निघाली. क्षत्रप नहपानाची, आणि त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप मारलेला. एका राजाने दुसऱ्याला हरवलं याचा असा खणखणीत पुरावा जगात फार थोड्या ठिकाणी सापडेल. वय जवळपास १,९०० वर्षं. तरी असं नाणं प्रदर्शनात आलं की ते घ्यायला कुणाला घर विकावं लागत नाही, कारण ती भरपूर आहेत. उलट सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया बघा. तुमच्या वडिलांच्याच वयाचा असेल. तो इतका कमी दिसतो की संग्राहक त्याच्यासाठी मोठी रक्कम मोजतात, आणि म्हणूनच १९३८ च्या आठाचा नऊ करणारे कारागीरही निपजलेत.

वय नव्हे, तर शिल्लक किती राहिली, कुठल्या अवस्थेत राहिली आणि ती हवी असणारे किती, यावर भाव ठरतो. ट्रॅक्टरची नोट जुनी खरी, पण ती अमाप छापली गेली आणि ‘पुढे महाग होईल’ म्हणून लोकांनी अमाप जपूनही ठेवली. चुरगळलेली असेल तर वडापावच्या पैशांत येते. कोरं करकरीत, ओळीने क्रमांक असलेलं बंडल असेल तर थोडं बरं. मग अठरा लाख आले कुठून? कुणीतरी जाहिरातीत तेवढे मागितले म्हणून. मी माझ्या जुन्या सायकलचे दहा लाख मागू शकते. मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यांत जे अंतर असतं, त्यावर या व्हिडिओंचं पोट चालतं.

तुमच्या सराफाने फसवलं असं तुम्हाला वाटतंय. मला नाही वाटत. सराफ चांदी तोलतो, नाणं वाचत नाही. त्याचं उत्तर चूक नाही, अर्धं आहे. ते अर्धं आधी तुम्हीच पक्कं करून घ्या. इंग्रजी अमलातला जुना रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम. त्यात चांदी बाराला अकरा भाग, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध. त्या दिवसाचा ग्रॅमचा भाव गुणिले १०.६९, हा तुमचा तळ. झिजलेला असेल तर थोडा खाली. मात्र १९४० ते १९४५ च्या रुपयांत चांदी निम्मीच आहे, ५.८३ ग्रॅम, कारण लढाईच्या दिवसांत चांदी पुरेना. १९४७ चा, मागे वाघ असलेला रुपया तर निकेलचा. त्याला लोहचुंबक लावा, चिकटेल. चांदी चिकटत नाही. पूर्वी बंदा रुपया दगडावर वाजवून घेत, तसं मात्र करू नका, कडेला ठेच लागते.

या तळाच्या खाली कुणालाही काही देऊ नका. त्याच्या वर किती, ते नाणं वाचून कळतं. तेवीसही ‘राणीछाप’ म्हणालात, पण सगळ्या राण्या नसणार. व्हिक्टोरिया १९०१ च्या जानेवारीत वारली. पुढचा बिनमुकुटाचा दाढीवाला तो सातवा एडवर्ड, मुकुट घातलेला दाढीवाला पाचवा जॉर्ज, आणि गुळगुळीत चेहऱ्याचा सहावा. राणीच्या रुपयावर इंग्रजीत ‘क्वीन’ आहे की ‘एम्प्रेस’ ते पाहा, १८७७ पासून ती ‘एम्प्रेस’ झाली. १८६२ साल दिसलं तर हुरळून जाऊ नका. पुढची बारा वर्षं टांकसाळीने त्याच सालाचे रुपये पाडले, खरं वर्ष बारीक टिंबांवरून ओळखायचं असतं. संग्राहक ती टिंबं भिंगातून मोजत बसतात, आणि एखाद्या टिंबाने भाव दुप्पट-तिप्पट होतो.

१९११ चा असेल तर बाजूला काढून ठेवा. त्या वर्षी पाचव्या जॉर्जच्या अंगरख्यावरचा हत्ती इतका बुटका उतरला की लोकांना तो डुक्कर वाटला. मोठा गहजब झाला, नाणी परत घेतली गेली आणि पुढच्या वर्षी सोंड नीट दिसेल असा हत्ती काढला. त्यामुळे १९११ चा रुपया १९१२ च्या रुपयापेक्षा कायम महाग. बाकी १९०६, १९०७, १९१६, १९१७, १९१८ ही सालं घरोघरी सापडतात. ती चांदीच्या भावाच्या आसपासच राहतील, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

एक विनंती, खरं तर कळकळीची. घासू नका. आमच्या आजीकडे असे सात रुपये होते. दर लक्ष्मीपूजनाला ती ते रांगोळीने लख्ख करायची. शेवटी राजाला ना नाक उरलं ना मिशी. मी ते एका जाणकाराला दाखवले तेव्हा त्याने फक्त वजनकाटा पुढे ओढला. चांदीवर चढलेली करडी-काळी छटा आणि तांब्यावरचा चॉकलेटी रंग हेच नाण्याचं वाढलेलं मोल असतं. चिंच-मीठ, लिंबू, टूथपेस्ट, पितळेची पावडर, काही नको. पूजेला हवेत तर दोन-तीन झिजकेच ठरवून ठेवा, देवीला काय फरक पडतो! नोटांना इस्त्री करू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नाही. पीव्हीसीच्या स्वस्त पाकिटात नाणी ठेवलीत तर काही वर्षांनी हिरवट चिकट थर चढतो.

आता डब्यातल्या उरलेल्या वस्तू भराभर बघू. भोकाचे पैसे १९४३ ते १९४७ चे, मुलांच्या करगोट्यात अडकवण्याइतके मुबलक होते. भाव किरकोळ. शिवराया जपा. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीला ‘छत्रपति’ असं वाचता येईल. पण महाराजांनंतरही ही नाणी त्याच नावाने पिढ्यान्‌पिढ्या पाडली गेली आणि इंग्रजी अमलातही चालत राहिली. त्यामुळे ‘महाराजांच्या हातची’ म्हणून कुणी लाखाची गोष्ट केली तर हात जोडा. साधी झिजलेली शिवराई शेकड्यांत मिळते. अक्षरांची ठेवण वेगळी असेल तर जास्त, आणि ते कळायला जाणकारच लागतो.

राम-सीतेचं नाणं ऐकून तुम्हाला वाईट वाटेल. ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाची, १८१८ साल आणि ‘यूकेएल वन आना’ असं लिहिलेली ही तांब्याची नाणी कंपनीने पाडलेलीच नाहीत. ती फार नंतर यात्रांतून, देवळांबाहेर विकायला तयार केलेली आहेत. बाजारमूल्य जवळपास शून्य. हे नाणं तांदळाचे दाणे स्वतःकडे ओढून घेतं असले चमत्कार सांगून लोकांना लुबाडणाऱ्या टोळ्याही फिरतात. नाणं देवघरात असेल तर तिथेच राहू द्या, फोटो मात्र कुणाला पाठवू नका.

दोन रुपयांच्या राजाच्या नोटा मला आवडल्या. त्यांवरची गव्हर्नरची सही पाहा, टेलर यांची की देशमुखांची. चिंतामणराव देशमुख आपल्या महाडजवळच्या नाते गावचे, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. नोटेचा भाव तिच्या घड्यांवर असतो. मधोमध एकच घडी आली तरी कोऱ्या नोटेच्या तुलनेत मोठी घसरण होते. डावीकडची टाचणीची भोकं मात्र त्या काळच्या बंडलांत असायचीच, ती खपतात. ७८६ च्या नोटेला हौशी गिऱ्हाईक मिळतं, पण लखपती नाही. कोकणातल्या वाचकांसाठी जाता जाता: घरातलं कुणी १९६० च्या आसपास आखातात किंवा हजला गेलं असेल, तर भारतीय नोटांच्या क्रमांकाची सुरुवात ‘झेड’ किंवा ‘एचए’ ने होते का ते जरूर बघा. त्या नोटा भारताबाहेर वापरण्यासाठी वेगळ्या काढल्या होत्या आणि त्या खरोखर दुर्मीळ आहेत.

पाचशेच्या त्या चौदा नोटा हसण्यावारी नेऊ नका. २०१७ च्या कायद्याप्रमाणे बंद झालेल्या पाचशे-हजारच्या मिळून दहापेक्षा जास्त नोटा जवळ ठेवता येत नाहीत. अभ्यास, संशोधन किंवा नाणेसंग्रहासाठी ही मर्यादा २५ आहे, पण आपण संग्राहक आहोत असा दावा कशाला करत बसायचा? दंड दहा हजार किंवा नोटांच्या दर्शनी रकमेच्या पाचपट, यांतला जो जास्त तो. बँक त्या बदलून देणार नाही आणि बाजारात त्यांना किंमत नाही. दोन-तीन आठवण म्हणून ठेवा, बाकीच्या फाडून टाका. बदलून देतो म्हणणारा भेटला तर तो त्या अठरा लाखवाल्याचाच भाऊ समजा.

तुमच्या लेकीला सांगा, शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. पर्समध्ये टाकून, पोस्टाने, कसंच नाही. तिला आजोबांची आठवणच हवी असेल तर डब्यातली ‘नया पैसा’ लिहिलेली नाणी द्या. १९५७ ते १९६४ या काळातली ती, किंमत फार नाही, पण आजोबांच्या चामडी पिशवीत खुळखुळलेली. रुपये तर आजीचे होते ना?

‘विश्वासाचा माणूस’ शोधताय. एक शोधू नका, तीन शोधा. मुंबई-पुण्यात आणि इतर शहरांतही नाण्यांची प्रदर्शनं भरतात, तिथे एका छताखाली पुष्कळ व्यापारी असतात. सगळा डबा नेऊ नका. यादी, दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो आणि चार-पाच निवडक नाणी न्या. तिघांना तोच प्रश्न विचारा, ‘तुम्ही घ्याल तर काय द्याल?’ ‘याची किंमत काय’ असं विचारलंत तर वेगळंच उत्तर येतं. व्यापारी घेण्याचा भाव कमीच सांगणार, त्याला दुकान चालवायचंय. पण तिघांचे आकडे जवळपास आले तर तो बाजार समजा. त्या दिवशी काहीही विकू नका. मुंबई, अहमदाबाद, बेंगळुरूतल्या लिलावगृहांच्या मागच्या लिलावांचे निकाल इंटरनेटवर पाहता येतात. प्रत्यक्षात मिळालेला भाव तिथे दिसतो. भाच्याला हे काम द्या, मोबाइल नाहीतरी त्याच्या हातात असतोच. लिलावगृहही कमिशन घेतं, पण वस्तू विकल्यावर, आलेल्या पैशांतून. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फेरी मारायला मजा येते, पण तिथे शिकायला जा, विकायला नको. आणि ओळख पटवायची तर नाशिक-त्र्यंबकेश्वर रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिचं संग्रहालयही आहे. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. तिथे भाव सांगत नाहीत, पण आपल्याकडचं नाणं काचेमागे दिसलं की त्याचं नाव-गाव कळतं.

राहिला भाऊ. त्याच्या डोक्यात अठरा लाख गुणिले नोटा असा गुणाकार आहे, आणि तुम्ही डबा धरून बसल्याने तो रोज वाढतोय. तुम्हाला किंमत कशासाठी हवी आहे, हे पत्र वाचताना मी दोनदा थांबून पाहिलं. विकायचंय असं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. मला वाटतं, ‘मी काही लपवलं नाही’ हे सिद्ध करायला तुम्हाला आकडा हवाय. तो आकडा कुठलाही जाणकार देणार नाही. त्यापेक्षा भावाला घरी बोलवा, डबा सतरंजीवर ओता, दोघांनी मिळून यादी करा, खाली दोघांच्या सह्या. मग शेतावर करायचे तसं करा. एकाने दोन वाटे घालायचे, दुसऱ्याने आधी उचलायचा. वाटे कुणी घालायचे त्यासाठी चिठ्ठी टाका. याला ना सराफ लागतो ना वकील. पुढे ज्याला विकायचं त्याने आपला वाटा विकावा.

आणि ती वही. ‘विशेष काही नाही’ म्हणालात, मी तर पत्रातलं तेवढंच वाक्य पुन्हा वाचलं. साठच्या दशकात वाहकाच्या हातात आणे आणि नवे पैसे दोन्ही येत, एका आण्याचे सहा की सव्वासहा यावरून गाडीत भांडणं होत. त्या गर्दीत एक माणूस पिशवीतलं वेगळं नाणं ओळखतो, बदल्यात आपल्या खिशातलं टाकतो आणि रात्री मुक्कामी गाडीचं नाव लिहून ठेवतो. संग्राहकाला असं नाणं वहीसकट दाखवलं तर तो दोन प्रश्न जास्त विचारेल. कदाचित दोन रुपयेही जास्त देईल. पण वाटे घालाल तेव्हा वही त्यात धरू नका. आधी तिची पानंपान झेरॉक्स काढा, मुलीला फोटो पाठवा, आणि यादी करताना भावाला ती मोठ्याने वाचायला सांगा. गाडीचं नाव वाचलं की नाणं डब्यातून तुम्ही शोधायचं.